टोपी कुणी दिली?

माझ्या नाकावर राग असतो, हे पांढुर्ण्यात माझ्या दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळांच्या गॅदरिंगला, फॅन्सी ड्रेसला लागणारे कपडे मी भाड्यानं देते. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी हातात घेतलं. राजा, राणी, नर्स, पोपट, संत्रं, कापसाचं बोंड, जे मागाल ते माझ्याकडे मिळतं, आणि धुतलेलं, इस्त्री केलेलं मिळतं. कपडा मळवून परत आणणाऱ्याला मी पायरीवरच झापते, मग तो मास्तर असो की मोठा साहेब. तेव्हा माझ्या मालाला कुणी नाव ठेवलं तर माझं काय होत असेल, याची कल्पना करा.

सव्वीस जानेवारीला पाच दिवस राहिले होते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून झेंडावंदनं वाढलीत, आणि प्रत्येक झेंड्याखाली दोन-चार सैनिक लागतातच. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत सत्तरीच्या घरातल्या एक काकू सुनेला घेऊन आल्या. नातीला शाळेनं सैनिक केलं होतं. मी वर्दी काढून दिली आणि वरच्या फळीवरची चांगली टोपी खाली घेतली. माझ्याकडे चोचवाल्या खाकी टोप्या पाच. त्यातल्या चार इथल्याच कुणा टेलरनं शिवलेल्या, आणि ही पाचवी वेगळी, जड कापडाची, आत चामड्याची पट्टी असलेली. खाकी रंग विटून पार मातकट झाला होता, पुढे बिल्ल्याची दोन भोकं होती, आणि ती झाकायला मीच तिथे जरीचा तारा चिकटवला होता.

काकूंनी टोपी हातात घेतली, उलटी केली आणि अंगठा आतल्या अस्तरावरून फिरवला. एका जागी अंगठा थांबला. त्या स्टुलावर बसल्या.

"हे टोपी माह्या भावाची हाय," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला परीचे पंख बांधत होते. "काकू, अशा टोप्या पुष्कळ असतात."

"पुष्कळ असतीन. माह्या हातचे टाके एकाच टोपीत हाय." मग मान वर करून, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्या सासऱ्यानं भांडेवालीपासून घेतली असन ना? माह्या वयनीनं गंजाच्या बदल्यात देली होती. घरच्याले न इचारता."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडेवाल्या डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरतात, जुने कपडे घेतात आणि बदल्यात गंज म्हणजे पातेलं, परात, डबा देतात. त्यांच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण माझ्या दुकानात भांडेवालीचा, त्यातून घरच्यांना न विचारता दिलेला माल आहे, असं भर गर्दीत म्हणायचं म्हणजे काय!

"असं असेल तर उसवून दाखवा," मी म्हणाले आणि कात्री त्यांच्यापुढे आपटली. "नाही निघाले तुमचे टाके तर माझी टोपी तुम्हीच शिवून द्यायची."

सुनेचा चेहरा पडला. काकूंचा नाही. त्यांनी चष्मा लावला, अस्तरावरचा एकेक टाका कात्रीच्या टोकानं उचलला आणि आतून बोटाच्या पेराएवढी कापडाची पुडी काढली. इतकी वर्षं ती गाठ माझ्याही बोटांना लागत होती. मला वाटायचं, आतलं कॅनव्हास गोळा झालंय. त्यांनी पुडी तळहातावर उघडली. आत वाळून खडा झालेला शेंदूर होता.

"जामसांवलीच्या मारोतीचा," त्या म्हणाल्या. "मीच शिवला होता."

मी परीच्या पंखांची गाठ मारली. मी शटर अर्धं ओढलं, उरलेल्या लोकांना संध्याकाळी यायला सांगितलं आणि काकूंना पाणी दिलं. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते असं. मोठा भाऊ फौजेत होता, पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. ("बँडमधी म्हंजे फौजेतच," हे त्यांनी मला दोनदा बजावलं.) एका सुट्टीत तो टोपी घेऊन घरी आला, तेव्हा काकू जामसांवलीला जाऊन शेंदूर घेऊन आल्या आणि अस्तरात शिवला. भावानं थट्टा केली, पण टोपी डोक्यावर घातली. पुढच्या उन्हाळ्यात काकूंचं लग्न झालं. त्याच हिवाळ्यात पहाडात फौजेची गाडी दरीत गेली आणि भाऊ गेला. त्याची पेटी घरी आली तेव्हा तेरवी व्हायची होती. पेटीत टोपी निघाली, पण नवी. पुडीवाली टोपी नव्हती, म्हणजे ती तो घरीच ठेवून गेला असणार, असं काकूंनी धरलं.

"अन् चुलीपाशी नवा गंज होता," काकू म्हणाल्या. "दिवाळीत भांडेवाली येऊन गेली, हे शेजारनीनं सांगतलं. म्या तेरवीतच वयनीले इचारलं, माही टोपी कुठं हाय? ते हो म्हने ना, नाही म्हने. साऱ्यायच्या समोर मी तिले नाही नाही ते बोलली. माहा भाऊ तुह्या गंजापायी गेला म्हनलं. तवापासून मी त्या घरी पाय नाही टाकला."

पंचेचाळीस वर्षं झाली होती. वहिनी सौंसरला, नणंद पांढुर्ण्याला. बसनं तासाभराची वाट.

मी म्हणाले, टोपी तुमची आहे, घेऊन जा. त्यांनी मान हलवली. "अशी नाही नेत. तुमच्याकडं कुठून आली, ते पह्यले सांगा. भांडेवाली असन त भांडेवाली म्हना. आता माहे किती दिवस राह्यले? मी बरोबर होती का चूक होती, हे माहीत झाल्याबिगर मले मराचं नाही."

"महिन्याभरात सांगते," मी म्हणाले. "आणि भांडेवाली नसेल, हेही आत्ताच सांगून ठेवते."

खरं सांगायचं तर त्यांच्या भावासाठी मी कंबर कसली नव्हती. सासऱ्यांच्या नावाला लागलेला डाग मला काढायचा होता. नवऱ्याला रात्रीच्या जेवणावर विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाचही टोप्या बाबांनी सौंसरच्या एका बँडवाल्याकडून आणल्या होत्या, बँड बंद पडला तेव्हा. "पण तुला काय करायचंय आता?" त्यानं विचारलं. करायचंय, एवढंच मी म्हणाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे त्यानं पुढे काही विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीचे कपडे परत आले, धुऊन फळ्यांवर गेले आणि मी सौंसरची बस धरली. पहिल्या खेपेला मला भलत्याच बँडवाल्याकडे पाठवण्यात आलं. तो भला माणूस, त्यानं मला चहा पाजला, तासभर आपल्या नव्या लाइटच्या गाडीचं कौतुक सांगितलं आणि शेवटी म्हणाला की आमच्याकडे टोप्या कधीच नव्हत्या, आम्ही फेटे बांधतो. दुसऱ्या खेपेला घर बरोबर सापडलं, पण दाराला कुलूप. मास्तर लेकीकडे नागपूरला गेले होते. तिसऱ्यांदा मी निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "फोन करून जा." फोन नंबर असता तर फोनच केला असता ना. मी डब्यात भाकरी घेतली आणि ठरवलं की आज कुलूप असलं तर पायरीवर बसून राहायचं.

कुलूप नव्हतं. बँडमास्तर अंगणात खाटेवर बसून संत्री सोलत होते. वय ऐंशीच्या पुढचं, दात नाहीत, पण टोपी हातात येताच म्हाताऱ्यानं ओळखली.

"असली माल हाय हे," ते म्हणाले. "बाकीच्या चार म्या हिचाच नमुना देऊन शिवून घेतल्या. हे डोक्यावर ठेवली का लोक मले कप्तान म्हनत. तवा भुरभुर केस होते मले, खोटं नाही सांगत."

"पण तुमच्याकडे आली कुठून?"

"रामाकोन्याचा एक मानूस देऊन गेला. मोठा कडक आदमी, मानपानाचा भारी. आम्ही तिकडं वरातीले गेलो होतो, त त्यानं घरी बलावलं अन् टोपी हातात ठेवली. म्हने, तुमी वापरा, मले घरात नको. म्या म्हनलं, पैसे? तर चिडला. म्हने, घेऊन जा नाहीतर नदीत फेकतो. आता जिवंत नाही तो. म्हातारी हाय त्याची, विहिरीजवळच्या घरात."

मी तिथूनच काकूंना फोन लावला. तेवढा दम मला निघाला नाही. "काकू, भांडेवाली नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "बँडवाल्याला रामाकोन्याहून मिळाली टोपी. तिथल्याच कुणीतरी दिली."

पलीकडून काकूंनी विचारलं, "रामाकोन्याले? कोनं?"

"ते आता शोधते," मी म्हणाले. फोन ठेवताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की त्यांचा आवाज बदलला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

रामाकोन्याला जाईस्तोवर आठवडा गेला. विहिरीजवळचं घर विचारायलाही लागलं नाही. ओसरीवर एक अगदी वाकलेली आजी सुपात तूर पाखडत होती. मी ओळख सांगितली, टोपी पिशवीतून काढली. आजीनं ती पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"अवो बाप्पा! अजून हाय का हे? हिच्यापायी केवढा गोंधळ झाला होता!"

आणि तिनं मला लग्नाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे लग्नात मुलीकडचे लोक मुलाकडच्या मानाच्या पुरुषांना टोपी-दुपट्टा देतात. काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, असे सगळे ओळीनं बसतात आणि मुलीचा बाप एकेकाच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर दुपट्टा घालत जातो. टोप्या आधी मोजून आणलेल्या असतात. त्या लग्नात मोजणाऱ्याची चूक झाली आणि एक टोपी कमी पडली. ती कमी पडली नेमकी नवरदेवाच्या मावसाला, म्हणजे या आजीच्या नवऱ्याला. आपल्याकडे मावसा म्हटलं की तो आधीच रुसायच्या तयारीत असतो. हा मांडवातून उठला, बाहेर बैलगाडीत जाऊन बसला आणि तोंड फिरवलं. मुहूर्त गोरजाचा, खेड्यात लग्न, दुकान कुठलं? मुलीचा बाप स्वतःच्या डोक्यावरची टोपी द्यायला लागला तर हा म्हणाला, वापरलेली घेतो का मी? नवरदेवाची आई अडून बसली, माझ्या बहिणीचा नवरा उठत नाही तोवर अक्षता पडणार नाहीत.

"मी म्हनो, उठा जी, सोडा जी," आजी म्हणाली. "पन आयकाचं कोनाचं! मुलीचा बाप हात जोडून रडाले आला. तेवढ्यात नवरीचा भाऊ आला. फौजी. सुट्टी उशिरा भेटली, पांढुर्ण्याले गाडीतून उतरला अन् वर्दीतच तसाच आला. त्याले कोनं सांगतलं असन. तो सिधा बैलगाडीपाशी आला, डोक्यावरची टोपी काढली, ह्यायच्या डोक्यावर ठेवली अन् असा सलाम ठोकला! म्हने, मावसाजी, हे सरकारची टोपी हाय. याच्याहून मोठी टोपी या मांडवात कोनापाशीच नाही. लोक असे हासले! हेबी हासले. उठले, अन् लगन लागलं."

मीही हसत होते. हसता हसता आजी थांबली.

"तो पोरगा त्याच थंडीत गेला व. आमाले समजलं तं ह्यायनं दोन दिवस अन्न नाही घेतलं. टोपी खुंटीवर दिसे अन् हे उठून बाहेर जात. शेवटी बँडवाल्याले देऊन टाकली. मले म्हने, सूनबाईले कधी सांगजो नको. तिच्या लग्नात मी टोपीपायी रुसलो हे तिले काय सांगाचं? त म्या नाही सांगतलं. माह्या बहिनीची सून ते, पांढुर्ण्याले राह्यते."

नवरी कोण हे विचारायची मला गरज उरली नाही. काकूंची मावससासू माझ्यासमोर बसली होती. म्हणजे टोपी गेली ती काकूंच्याच लग्नात. त्या आत बायकांच्या गराड्यात, मान खाली घालून बसलेल्या, आणि बाहेर भावानं त्यांनीच शिवलेली पुडी डोक्यावरून काढून रुसलेल्या मावसाच्या डोक्यावर ठेवली.

मला त्या ओसरीवरच रडू आलं. सासऱ्यांचं नाव स्वच्छ झालं होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. काकूंना मी काय सांगणार होते? वहिनींनी विकली नाही, हे सांगायला हवं होतं. मग कुणी दिली, हेही सांगावं लागणार होतं. ज्या बाईनं पंचेचाळीस वर्षं, पुडी नव्हती म्हणून भाऊ गेला, असं मानलं, तिला सांगायचं की पुडी तुझ्याच लग्नापायी गेली?

परतताना मी सौंसरला उतरले. वहिनींना हे ठाऊक आहे का, ते मला कळायलाच हवं होतं. पत्ता काकूंच्या सुनेकडून आधीच घेऊन ठेवला होता. वहिनींनी नवरा गेल्यावर अंगणवाडीत नोकरी केली, एकुलत्या लेकीला शिकवलं. लेक शाळेत शिकवते, त्या तिच्याजवळ राहतात. दार त्यांनीच उघडलं. बारीक अंगाच्या, ताठ. मी टोपी दाखवली आणि रामाकोना म्हटलं, तशी त्यांनी मला आत घेऊन दार लोटलं.

"तिले सांगतलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अजून नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"मले नाही माहीत होनार त कोनाले? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यायनं सांगतलं. म्हने, पुडी टोपीतच गेली, पन तिले सांगू नको, लग्नात विघ्न आलं म्हनून रडत बसन. पुढच्या सुट्टीत जामसांवलीहून दुसरी आनतो म्हने. पुढची सुट्टी कुठं आली!"

"आणि तेरवीत तुम्ही गप्प बसलात? ती इतकं बोलली तरी?" माझा आवाज चढला. माझा स्वभावच तसा, दुसऱ्यावर अन्याय झालेला पाहून मी त्याच्यावरच ओरडते. "गंजासाठी नवऱ्याची टोपी विकली असं सगळं गाव म्हणत राहिलं! एक शब्द बोलला असतात तर?"

वहिनींनी माझा आवाज खाली येऊ दिला.

"बाई, ते नवी नवरी होती," त्या म्हणाल्या. "लगन होऊन सात महिने झाले होते अन् पोटुशी होती. खरं सांगतलं असतं त ते सासरी राह्यली असती का? त्या मावसाले पाहून तिच्या गयाखाली घास उतरला असता का? अन् सोताले काय म्हनली असती? माह्यावर राग धरून ते जगली ना. सोतावर धरला असता त नसती जगली. मले त कुठं कोनापाशी नांदाचं होतं? मी खपवून घेतलं."

मी टोपी पिशवीत ठेवली आणि न भांडता उठले. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"अन् तुमाले शपथ हाय," दारापर्यंत येत त्या म्हणाल्या, "तिले सांगू नका. भांडेवालीच म्हना."

मी मोठ्या तोऱ्यात खरं शोधायला निघाले होते. ते लपवायला माझ्याहून जास्त जिद्दीनं उभी असलेली बाई मला भेटली होती. घरी आल्यावर मी आठ दिवस काकूंचा फोन उचलला नाही. खोटं मला बोलता येत नाही, खरं न सांगायची शपथ घातलेली. नवऱ्यावर, कामवालीवर, गिऱ्हाइकांवर ओरडून झालं. नवरा म्हणाला, "काय ठरवायचं ते एकदा ठरव, नाहीतर आम्हाला सगळ्यांना उपास घडेल." मी ठरवलं. वहिनींना आयुष्यभर दोषी ठेवायला मी मदत करणार नाही. काकूंना एवढंच सांगायचं की वहिनींनी विकली नाही, आणि पुढचं वहिनींनाच विचारा. मग वहिनींना बोलावंच लागेल.

पण मी फोन करायच्या आतच काकू दुकानात हजर झाल्या. या वेळी एकट्याच.

"चाला, सौंसरले," त्या म्हणाल्या. "वयनीकडं. तुमी सोबत पाह्यजे."

"काकू, मी तुम्हाला सांगणार होते की वहिनींनी—"

"तिच्याच तोंडानं आयकतो. तुमी टोपी घ्या."

बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या. सौंसर येईपर्यंत त्यांनी मला काहीच विचारलं नाही, आणि ते मला विचित्र वाटलं. मी मनातल्या मनात तयारी करत होते, की काकू वहिनींना एक जरी वाकडा शब्द बोलल्या तर मी शपथ-बिपथ बघणार नाही, सगळं सांगून टाकीन.

वहिनींनी दार उघडलं. नणंदेला पाहिलं, मग मला पाहिलं. त्या नजरेत काय विचारलं होतं ते मला कळलं. मी मान हलवली, नाही, मी काही सांगितलेलं नाही.

काकू दारातच उभ्या राहिल्या. "वयनी, एकच गोष्ट इचाराले आली. टोपी कोनं देली?"

वहिनी अडखळल्यासुद्धा नाहीत. "मीच देली. भांडेवालीले. गंज घेतला तिच्यापासून. झालं समाधान?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता काकूंनी हात वर केला, आणि मी गप्प झाले.

"मी परवा रामाकोन्याले जाऊन आली, वयनी."

वहिनींनी दाराची चौकट धरली.

"या बाईनं फोनवर रामाकोना म्हनलं तवाच माह्या मनात आलं. तिथं आपलं दुसरं कोन हाय? मंग हे फोनच उचलत नव्हती, त म्या म्हनलं, आपनच जाऊन इचारावं. मावशीनं सारं सांगतलं. मावसा रुसले ते. भाऊनं टोपी काढली ते. माह्या लग्नापायी काढली."

"चूप राह्य," वहिनी म्हणाल्या.

"माह्या लग्नापायी काढली, अन् म्या तुमाले तेरवीत, साऱ्यायच्या समोर, तुमचं कुंकू पुसून पंधरा दिवस झाले नव्हते—"

"चूप राह्य म्हनते ना! पुडीनं काय होते? त्या गाडीत दुसरेबी होते. तेबी गेले. त्यायच्या टोप्या त त्यायच्या डोक्यावरच होत्या ना?"

हे वाक्य त्यांनी त्या दिवशी सुचून म्हटलेलं नव्हतं. कधीतरी लागेल म्हणून ते त्यांनी पंचेचाळीस वर्षं तयार ठेवलेलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून समजलं. काकूंनाही समजलं असावं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"मंग आता काहून खोटं बोलून राह्यल्या?" त्यांनी शेवटी विचारलं. "आता त मी म्हातारी झाली, वयनी. आता काय मी सासर सोडून येत होती?"

वहिनींनी यावर खरोखरच विचार केला.

"सवय पडली व," त्या म्हणाल्या, आणि बाजूला सरकून त्यांनी नणंदेला आत यायला वाट करून दिली.